तिने पाजलेलं पाणी

माझे पती मनोरला फौजदार होते. हायवेवर उलटलेल्या टेम्पोतून एका मजूर बाईला बाहेर काढताना त्यांना ट्रकने उडवलं; दवाखान्यात नेण्याआधीच ते गेले. महिन्याभराने ती बाई बोईसरला आमच्या घरी आली.

"सायबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ताई. पानी मागितलं, मीच पाजलं," ती रडत म्हणाली.

तिचं सांत्वन करायचं सोडून मला तिचा हेवा वाटला. सणावारीही ते बंदोबस्तावर असायचे. माझ्या मांडीवर त्यांनी कधी डोकं टेकलं नव्हतं.

"अजून काय बोलले?" मी विचारलं.

"काय नाय. माझा हात धरून होते."

मी उठून चहा ठेवला.

ती दरवर्षी येते. मी तिला पोटभर जेवू घालते, पण ती गेल्यावर दिवसभर माझं कुणाशी धड बोलणं होत नाही.