उद्घाटनाआधीचा समुद्र

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. घरी तर विचारूच नका. पण हा राग निराळा. बाकीचे राग येतात आणि चहा प्यायला की जातात, हा ठाण मांडून बसलाय. पेपर तपासताना, भाकरी थापताना मधेच उसळतो आणि मी एकटीच दात-ओठ खाते. परवा बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "घरी काही झालं का हो ताई?" काय सांगू तिला! म्हणलं, न्हाई, समुद्राचं झालंय. ती बिचारी सरकून बसली.

मी अंबड तालुक्यातल्या एका लहान गावात हायस्कूलला भूगोल शिकवते. वडीगोद्रीला उतरायचं आणि पुढं काळी-पिवळी जीपनं जायचं. आमच्याकडं भूगोलाला इज्जत न्हाई, हे आधीच सांगते. गणिताचा अभ्यासक्रम मागं पडला की तास भूगोलाचा जातो. जगाचा नकाशा ज्या कपाटात आहे, त्याच्यापुढं खिचडीच्या तांदळाचे कट्टे लावलेत. नकाशा काढायचा म्हणजे आधी हमाली करायची. आणि समुद्रप्रवाह, सागरतळ, भूपट्ट हे धडे तर "वाचून घ्या रे" म्हणून उरकायचे, असा रिवाजच. समुद्र कुठं अन् आपण कुठं!

मी उरकत न्हाई. सागरतळाचा धडा चालला होता तेव्हा नववीतल्या एका पोरीनं हात वर केला. बाप मेंढपाळ, वर्षातले कित्येक महिने मेंढ्या घेऊन बाहेर. ही आणि आई गावात. वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. उभी राह्यली आणि म्हणाली, "मॅडम, समुद्राच्या बुडाला मुरूम असतो का काळा दगड?"

वर्ग फिदीफिदी हसला. मी पट्टी आपटली. म्हणलं, हसता काय, सांगा की उत्तर! कुणाला येतंय? आलं न्हाई कुणाला. मंग मीच सांगितलं. वर गाळ असतो, पण गाळाच्या खाली काळाच दगड. आपल्या विहिरीत लागतो त्याच जातीचा. समुद्राचं बूड मधोमध उसवत राहतं, खालून तापलेला रस वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना हळूहळू सरकतो. आपली जमीनसुद्धा अशीच सरकत आलीय. आज जिथं समुद्र आहे, तिथल्या एका तापलेल्या जागेवरून ती जात होती, तेव्हा हा रस तिच्यावर पसरला. थरावर थर. बोअर मारताना ज्याच्यापुढं मशीन रडतं, तो हाच दगड.

"मंग आपण समुद्राकडून आलोत?" तिनं विचारलं.

म्हणलं, हो, तसंच समज. ती खाली बसली. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यावर बसली. मधल्या सुट्टीत प्रश्न, शाळा सुटली की प्रश्न. थंड पाणी खाली जातं तर तळाला डोंगर आडवा आला की काय करतं? डोंगराला खिंड असली तर? मला खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी खूश होते.

त्यातच तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक आलं. त्या वर्षी एका मंडळानं बक्षीस ठेवलं होतं: प्रत्येक तालुक्यात पहिला नंबर येईल त्याला आणि त्याच्या शिक्षकाला कोकणात न्यायचं, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या बोटीवर, पाण्यात यंत्रं सोडतात ते दाखवायला. मी वर्गात वाचून दाखवलं. ही सरळ उठून टेबलाशी आली. "नंबर आला तर खरंच समुद्र पाह्यला भेटंल?" तिच्या घरात कुणीच समुद्र पाहिला नव्हता. बाप मेंढरांमागं पार नगर-बीड पालथं घालून आलेला, पण समुद्र त्यानंसुद्धा न्हाई. म्हणलं, भेटंल. तू कर, मी आहे.

आणि काय मॉडेल केलं तिनं! फोटोफ्रेमवाल्याकडून काचेची लांबट पेटी करून घेतली. तळाला मातीवर काळे दगड रचून आडवी डोंगररांग केली, त्यात बोटभर खिंड ठेवली. एका टोकाला जाळीत बर्फ, नीळ घातलेल्या पाण्याचा. दुसऱ्या टोकाला बाहेरून गरम पाण्याची पिशवी आणि आत थोडा खायचा लाल रंग. बर्फातून निळं थंड पाणी सुटायचं, सरळ बुडायचं, तळानं सरपटत डोंगराशी यायचं, अडायचं, तुंबायचं आणि मंग बराबर खिंड शोधून पलीकडं. वरून लाल पाणी बर्फाकडं निघायचं. डोळ्यांनी दिसायचं हो! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. माझी ही सगळी नोकरी फळ्यावर बाण काढण्यात गेली, आणि हा बाण समोर चालत होता.

बर्फ माझ्या फ्रीजमधला. निळ्या पाण्याच्या वाट्यांनी फ्रीज भरला. आमचे हे म्हणाले, "आता भाजी कुठं ठेवायची, समुद्रात?" मी म्हणलं, आठवडाभर पिठलं खा.

प्रदर्शनाच्या दिवशी थर्माकोलच्या डब्यात भुसा घालून वाट्या नेल्या. प्रदर्शन एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये होतं. तिथले मुख्याध्यापक संयोजक. माईकवरून सांगितलं, "सर्वांनी आपापली मॉडेल चालू करून बाहेर या. साहेब निघालेले आहेत. उद्घाटन झालं की लगेच परीक्षकांची फेरी." साहेब म्हणजे प्रमुख पाहुणे, मोठं प्रस्थ. पोरीनं निम्म्या वाट्या जाळीत ठेवल्या, निम्म्या डब्यात. आम्ही बाहेर आलो. हॉलच्या दाराला लाल फीत बांधली. बाहेर ताटात कात्री, कुंकू, नारळ. झालं.

साहेब फाट्यावर आलेत. साहेब एका दुःखाच्या ठिकाणी थांबलेत. साहेब आता निघालेच. उन्हात पोरांच्या रांगा, लेझीमवाली पोरं घामाघूम. मी संयोजकांकडं गेले. म्हणलं, सर, बर्फाचं मॉडेल आहे, फेरी सुरू करा ना, साहेब आले की फीत कापतील. ते माझ्याकडं असे बघायला लागले जसं काही मी देवळात चपला घालून शिरले. "मॅडम, उद्घाटनाशिवाय कसं? काहीतरी बोलता!" म्हणलं, मंग पोरीला तरी आत जाऊ द्या, बर्फ बदलायचाय. "फितीखालून? नको, नको. फोटोवाले आलेत."

पोरगी दाराशी उभी राहून आत वाकून बघत होती. मला म्हणाली, "मॅडम, जाळीतला संपला असंल आता. डब्यातलाबी पाझरून राह्यला असंल." रडत नव्हती. नुसती ओठ चावत होती. दुपार झाली तशी माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. कुठल्या शास्त्रात लिहिलंय, की माणूस आल्याशिवाय पाणी वाहायचं न्हाई? मी ताटातली कात्री उचलली आणि फीत कापली. कच्चकन. तिचा हात धरला आणि आत घुसले.

मागं एकच कल्ला. "मॅडम! अहो मॅडम! काय केलं हे!" केलं ते केलं. जाळी रिकामी होती. डब्यात थोड्याच वाट्या शाबूत होत्या. तिनं पेटीतलं गढूळ पाणी काढलं, हॉलच्या कोपऱ्यातल्या माठातलं ताजं भरलं, लाल रंग टाकला, होत्या तेवढ्या वाट्या जाळीत ठेवल्या. मला अडवायला म्हणून एक परीक्षक आत आल्ते. दुसऱ्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, वयस्कर, बरे वाटले. म्हणलं, सर, आलाच आहात तर बघा, एवढाच बर्फ आहे. ते आधी दाराकडं बघत राह्यले, मंग चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लावलं.

निळं बुडलं. सरपटलं. डोंगराशी थांबलं.

"आयला," परीक्षक म्हणाले. "खिंडीतनंच चाललंय की!"

पोरगी हसली. सगळं तोंड भरून हसली. मंग तिनं त्यांना समजावून सांगितलं, की खऱ्या समुद्रातसुद्धा ध्रुवाकडचं थंड पाणी असंच बुडतं आणि बुडाच्या खिंडी धरून हजारो कोस जातं. एकदाही अडखळली न्हाई. परीक्षक "वा, वा" करून राह्यले होते. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. सगळ्यांना बाहेर हाकललं. नवी फीत नव्हती, म्हणून माझ्या हातून कापलेल्या दोन तुकड्यांना गाठ मारली आणि साहेबांनी गाठीच्या शेजारी कापली. टाळ्या. मंग शाली, मंग नारळ, मंग भाषणं. विज्ञानाचं महत्त्व यावर साहेब इतकं बोलले की लेझीमवाली दोन पोरं भोवळ येऊन सावलीत नेली.

फेरी आमच्या टेबलाशी आली तेव्हा बर्फाचा तुकडा उरला नव्हता. पेटीत सगळं एकसारखं जांभळं पाणी. साहेब म्हणाले, "हे काय, रंगपंचमी का?" झाले सगळे हसायला मोकळे! पोरगी शांतपणे म्हणाली, "साहेब, मघाशी चालत व्हतं. बर्फ संपला म्हणून थांबलं. थंड करणारं न्हाई राह्यलं तर पाणी बुडत न्हाई."

"मग बर्फ जास्त आणायचा ना पोरी," असं म्हणून साहेब पुढं निघाले.

मी आडवी झाले. म्हणलं, साहेब, बर्फ भरपूर होता, उशीर तुम्हाला झाला. संयोजकांचं तोंड पांढरंफटक. मी परीक्षकांकडं बोट केलं. म्हणलं, या सरांनी मॉडेल चालताना बघितलंय. विचारा त्यांना. सांगा सर.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. संयोजकांकडं बघितलं. आणि म्हणाले, "मॅडम, मी बघितलं, न्हाई म्हणत न्हाई. पण ते उद्घाटनाच्या आधीचं होतं. आधीचं बघितलेलं कसं धरता येईल?"

अहो, माणूस खोटं बोलला असता तर मी त्याला खोटारडा म्हणून मोकळी झाले असते! हा खरं बोलत होता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. फीत कापायच्या आधी जे झालं ते झालंच न्हाई, असं मानणारा विज्ञानाचा शिक्षक! मी ओरडले, "मंग समुद्राला सांगा जाऊन! म्हणावं बाबा, थांब, पाहुणे यायचेत!" दोघा शिक्षकांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. साहेब पुढच्या टेबलावर फोटो काढून घेत होते.

पहिला नंबर ज्वालामुखीला गेला. थर्माकोलचा डोंगर, आत खाण्याचा सोडा, वर फसफस. पोरगा गोड होता, त्याच्यावर माझा काडीचा राग न्हाई. आमच्या पोरीला काहीच न्हाई. उत्तेजनार्थसुद्धा न्हाई, कारण मॉडेल "कार्यरत नव्हतं". मला वरून खुलासा मागितला, फीत का कापली म्हणून. मी एका ओळीत दिला: बर्फ वितळत होता म्हणून. अजून त्याचं काही झालं न्हाई, आणि झालं तरी बिलकुल फिकीर न्हाई.

राग इथंच संपला असता कदाचित. पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तालुक्याला आमची एक बैठक होती. चहाच्या वेळी तेच संयोजक शेजारी येऊन बसले, जुनं सगळं विसरल्यासारखे. मी विचारलं, कोकणात जाऊन आला का तो पोरगा? काय काय बघितलं?

ते बशीत चहा ओतत म्हणाले, "कुठलं हो. त्याच्या मामाचं लग्न निघालं ऐन वेळी. ती जागा रिकामीच गेली."

म्हणलं, रिकामी? मंग दुसऱ्या कुणाला विचारायचं ना!

"दुसऱ्या नंबरवाल्याचे क्लास होते. तिसऱ्याच्या आईला पाण्याची भीती. मंग सोडून दिलं. नंबराच्या बाहेर कुणाला नेता येतंय का मॅडम?" आणि फुर्रकन चहा प्यायले. माझ्या हातातला कप त्यांच्या शर्टावर कसा गेला न्हाई, हे मलाच कळत न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला बोलावून सांगितलं. लपवणार कशी? आज ना उद्या कळालंच असतं. म्हणलं, बाई गं, गाडी गेली आणि आपल्या तालुक्याची जागा मोकळी गेली, आपल्याला कुणी विचारलंसुद्धा न्हाई. ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून ऐकत होती. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला बक्षीस कुठं पाह्यजे व्हतं मॅडम," ती म्हणाली. "म्या बिनानंबराची गेले असते."