पांढऱ्या टोपीचा सलाम

कॅनव्हासच्या बुटांना लावायच्या पांढऱ्या पॉलिशचा वास आला की मला अजूनही राग येतो. देवपूरच्या आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीला तीन मुलं भूदल, नौदल आणि हवाईदल म्हणून सजायची. त्या वर्षी मॅडमनी नौदल मला दिलं. भूदलाच्या सलामात तळहात समोर असतो, नौदलाच्या सलामात जमिनीकडे. आदल्या रात्री बुटांना पांढरं पॉलिश लावून आरशापुढे मी तोच घोटला होता. ऐन कार्यक्रमाच्या सकाळी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष नाना मला न्याहाळून हसले, "पोरगी समुद्रावर काय करी, मॅडम? तिना हातमा आरतीनं ताट द्या." मॅडम म्हणाल्या, "बरं, नाना." माझी टोपी वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यावर गेली आणि त्यालाच ओवाळायला मला उभं केलं. मी कुंकू लावलं. त्याने तळहात समोर धरून कडक सलाम ठोकला आणि नानांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. तो सलाम भूदलाचा होता. परवा टीव्हीवरच्या संचलनात नौदलाच्या तुकडीपुढे एक मुलगी चालत होती. आई म्हणाली, "बघ गं, काय रुबाब आहे!" माझा हात कपाळाशी गेला, तळहात जमिनीकडे.