व्याह्यांच्या घरी वीज आली

उन्हाशी इतकं घरगुती नातं ठेवणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. तुम्ही-आम्ही उन्हाला ऊन म्हणतो. आमचे व्याही नुसतं ‘त्यो’ म्हणतात. ‘‘त्यो आज रुसलाय.’’ ‘‘त्यो चारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर येऊन बसतोय, त्याला तितं बसू द्यायचं न्हाई.’’ माधवनगरच्या एका कापड गिरणीत बॉयलरवर फिटर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. दिवसभर वाफ फुकट जाताना बघायची आणि घरी येऊन पत्र्याच्या खोलीत भाजून निघायचं, यात त्यांचं तारुण्य गेलं. तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं, की निवृत्त झाल्यावर कुंडलला आपल्या वाटणीच्या तुकड्यावर असं घर बांधायचं, जे कुणापुढं हात पसरणार नाही. ना विजेच्या तारेपुढं, ना नळापुढं, ना गॅसच्या टाकीपुढं.

माझ्या लेकीला, अश्विनीला, बघायला ते साताऱ्याला आमच्याकडे आले, तेव्हा पोह्यांच्या बशा बाहेर आल्या तरी पाहुणे जागेवर नव्हते. ते आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला उलटा पंजा लावून उभे होते. ‘‘पाव्हणं, भिंतीला ताप आलाय तुमच्या,’’ इतक्या काळजीनं म्हणाले, की माझी बायको थर्मामीटर आणायला उठते की काय, असं मला वाटलं. मुलीला त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘शिकलीस किती’ असा नाही, ‘स्वयंपाक येतो का’ असाही नाही. ‘‘बाळ, मिक्सर किती वाजता लावतीस?’’ या प्रश्नाचा अर्थ लग्नानंतर कळला. त्या घरात मिक्सर दुपारी बारा ते दोन या वेळात, म्हणजे ‘त्यो’ डोक्यावर असतानाच फिरायचा. सकाळी आठ वाजता कुणाला चटणी खावीशी वाटली, तर पाटा-वरवंटा होता.

घर मात्र बघण्यासारखं. मधून पोकळ ठेवलेल्या विटांच्या भिंती, स्लॅबच्या पोटात उपडी घातलेली कौलं, मधोमध उंच झरोका, त्यातून गरम हवा आपली आपण निघून जायची. एप्रिलात बाहेर उसाची पानं करपत असताना आत पंख्याची आठवण होत नसे. पावसाचं पाणी टाकीत, न्हाणीचं पाणी केळीला, म्हशींचं शेण गोबरगॅसला. छपरावर सोलर आणि जिन्याखाली दोन बॅटऱ्या. त्यांची विचारपूस व्याही सख्ख्या भावांसारखी करत. एकदा जेवणाआधी मी ओटीवरच्या लाकडी पेटीवर बराच वेळ बसलो होतो. बैठक छान उबदार लागत होती. शेवटी विहीणबाई दारातून अवघडून म्हणाल्या, ‘‘आवं, जरा उठता का? आमटीवर बसलाय तुमी.’’ डाळीला एक उकळी आली, की भांडं त्या पेटीत कापसाच्या गाद्यांमध्ये कोंबायचं आणि उरलेलं शिजणं डाळीनं स्वतःच्या हिमतीवर करायचं, अशी ती व्यवस्था होती. आमटी उत्तम झाली होती. माझा त्यात वाटा किती, यावर व्याह्यांनी गंभीरपणे विचार केला आणि ‘‘वरनं वजन पडलं की ऊब टिकती,’’ असा निर्वाळा दिला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते नात होईपर्यंत. अश्विनी बाळंतपणाला साताऱ्याला आली आणि पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. काचेच्या पेटीतून बाहेर आली, पण छाती नाजूक राहिली. सर्दी झाली की धाप लागायची. डॉक्टरांनी वाफेचं मशीन लिहून दिलं आणि बजावलं, ‘‘लागेल तेव्हा लगेच द्यायचं. वाट बघायची नाही.’’ तिसरा महिना सरला, सासरी जायचे दिवस आले आणि आमच्या घरातलं हसू आटलं. श्रावण तोंडावर आलेला. कुंडलला पाऊस बेताचा, पण आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. आदल्या वर्षी अशाच दिवसांत बॅटऱ्या बसल्या होत्या आणि सगळं घर दिवेलागणीला गोड तेलाच्या समईपुढं जेवलं होतं. तेव्हा मौज वाटली होती. आता त्या समईपुढं धापा टाकणारी पोर दिसू लागली.

‘‘तुम्ही जाऊन स्पष्ट सांगा,’’ बायको म्हणाली, ‘‘मीटर घ्या, नाहीतर पोरगी इथंच राहील.’’ जावई भला माणूस, पण वडिलांपुढं त्याचं तोंड उघडत नसे. मी एकटाच निघालो. साताऱ्याहून कराड आणि कराडहून कुंडल, सगळ्या रस्त्यात एकच भाषण घोकत होतो. आधी गोडीनं, मग थोडं कडक आणि शेवटी, ‘‘नातं तुटलं तरी चालेल,’’ असं वाक्य. ते वाक्य दर वेळी मी अर्ध्यावरच सोडून पुन्हा गोडीच्या भागावर येत होतो.

घराच्या वळणावर पोचलो आणि थांबलो. बांधावर नवा कोरा खांब उभा होता. त्यावरून तार निघून थेट व्याह्यांच्या भिंतीत शिरली होती. ओटीवर मीटर होता आणि त्यावर, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून, धान्य पाखडायचं सूप टेकवलं होतं. व्याही चोरी पकडली गेल्यासारखे उभे राहिले.

‘‘हे कधी?’’ मी विचारलं.

‘‘पोर काचंत हुती तवाच अर्ज केला,’’ ते खाली बघत म्हणाले. ‘‘त्यो आपल्या येळंनं येतो, पाव्हणं. पोरीची धाप आपल्या येळंनं येनार. दोघांचा मेळ कोन घालनार?’’

विहीणबाई आतून आल्या. ‘‘मला सुदीक सांगितलं न्हाई बगा. परवा खांब घेऊन मानसं आली, तर मला वाटलं चुकून आमच्याकडं आली. हाकलून देत हुते मी.’’

मी मटकन ओटीवर बसलो. घोकलेल्या भाषणातला एक शब्दही आठवेना आणि हसू आवरेना. डोळे पुसायला मला रुमाल काढावा लागला. व्याह्यांनी मला आतली खोली दाखवली. पाळण्याजवळ, हात पोचेल अशा उंचीवर नवं बटण होतं. मशीन ठेवायला फळी स्वतः रंधा मारून बसवली होती, कोपरे घासून गोल केलेले. पुढच्याच आठवड्यात अश्विनी बाळाला घेऊन गेली. भर श्रावणात दोनदा धाप लागली, दोन्ही वेळा मशीन चाललं आणि पोर दहा मिनिटांत शांत झोपली.

पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी व्याही मला एस.टी.पर्यंत पोचवायला आले. एरवी वाटेतल्या प्रत्येक घराच्या खिडक्या चुकीच्या बाजूला आहेत, असं सांगणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं एकाही खिडकीकडे पाहिलं नाही. थांब्यावर आल्यावर म्हणाले, ‘‘सगळ्या गावाला सांगत हुतो, आमच्या घराला कुनाची गरज न्हाई. आता तसं म्हनता येनार न्हाई.’’

‘‘नका म्हणू,’’ मी म्हणालो.

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘ऱ्हाऊ द्या.’’

बस आली. खिडकीतून पाहिलं, तर ते परत निघाले होते, रस्त्याच्या कडेनं, हात मागे बांधून. त्यांना इतकं सावकाश चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. उतरून आणखी थोडा वेळ त्यांच्याबरोबर चालावं, असं फार वाटलं. पण बस सुटली होती, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझा डोळा लागला. कराडला कंडक्टरनं हलवून उठवलं.