कौन्सिलचे पाहुणे

हीटर परत द्यायला ती दारात उभी राहिली ती अगदी हसतमुखानं. एका हातात माझा छोटा इलेक्ट्रिक हीटर, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी.

"थँक यू हं काकू. पाहुणे येऊन गेले. तुमच्यासाठी शिरा आणलाय."

"कोण गं पाहुणे?"

"कौन्सिलचे."

मी डोक्याला हात लावला. हीटर मागायला आली तेव्हा "पाहुणे येणारेत" एवढंच म्हणाली होती. मला वाटलं, रीडिंग गावची नणंद वगैरे असेल.

नॉटिंगहॅमला आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून ती राहते. आदल्या वर्षी नवरा गेला, अचानक. पदरात दम्याची मुलगी. शाळेत असिस्टंटची अर्धवेळ नोकरी, तो पगार मॉर्गेजच्या हप्त्यातच जायचा. त्यात ऐन थंडीत घर तापवणारा बॉयलर मेला. घर स्वतःचं, म्हणजे घरमालकाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नाही. मायलेकी एका खोलीत, अंगात कोट घालून झोपायच्या. मुलीची छाती रात्रभर वाजायची. मी आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होते, ती शिट्टी मला चांगली कळते. अजून एक महिना तसा काढला असता तर पोर वॉर्डात गेली असती.

अशा घरांसाठी लंडनहून कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पैसे येतात. दिल्लीनं राज्याला द्यावेत आणि राज्यानं गावोगाव वाटावेत, तसंच. फक्त ते मार्चअखेर वाटून संपवायचे असतात. मीच तिला अर्ज करायला लावला होता. त्यावरून एक माणूस घर बघायला येणार, एवढं ठरलं होतं. कधी ते मात्र ती मला बोलली नाही.

"मग? काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"फार सज्जन हो! शिरा दोनदा घेतला. म्हणाले, घर छान उबदार आहे तुमचं. ज्यांच्याकडे हीटिंगच नाही त्यांना आधी द्यावं लागेल."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हो हो, आधी त्यांना द्या. आमचं चाललंय."

हसावं की रडावं! एक हीटर माझा, एक समोरच्या गुजराती बाईंचा. चांदीच्या वाट्या काढलेल्या, तूप सुटलेला शिरा, अंगावर लग्नातली पैठणी. घरात नाही दाणा आणि म्हणे मला बाजीराव म्हणा! त्या बिचाऱ्याची काय चूक? त्यानं जे पाहिलं ते लिहिलं.

"अगं बाई, तो थंडी बघायला आला होता! आणि तू ती लपवून ठेवलीस?"

"घरी आलेल्या माणसाला कुडकुडत कसं बसवायचं, काकू?" ती अगदी मनापासून म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आणि मागायची लाज वाटते हो. 'हे' असताना कधी कुणाकडे हात पसरला नाही."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "हात पसरणं? तुझ्या पगारातून टॅक्स जातो ना? तुझ्या नवऱ्यानं इतकी वर्षं भरला तो काय वाया गेला? त्यातलंच थोडं लंडनहून तुझ्या दारात येतंय, आणि तू त्याला म्हणतेस, आधी दुसऱ्यांना द्या! हे केळवण आहे का गं, तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं? इथं एकदा नको म्हटलं की माणूस पुढच्या घरी जातो. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

मी फोन तिच्या हातात दिला. मला करता आला असता, माझं इंग्रजी चांगलं खणखणीत आहे. पण म्हटलं, हा फोन हिचा हिनंच करायचा. तिनं केला. पुन्हा घर बघायला या एवढं तिनं नीट सांगितलं. मार्च संपत आला होता आणि पैसे उरतील की नाही हे कुणीच सांगत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात तो आला. मी आधीच जाऊन ठाण मांडलं होतं. हीटर नाही, पैठणी नाही, शिरा तर नाहीच. चहासाठी मात्र ती हट्टालाच पेटली. म्हटलं बरं, चहा दे.

आला, बसला, हातमोजे काढले आणि परत घातले. कपातून वाफ नुसती ढगासारखी निघत होती. मुलगी कोचावर कोट घालून गृहपाठ करत होती, मधेच खोकत होती. त्यानं अदबीनं विचारलं, "कसं चाललंय तुमचं?"

"वी आर मॅनेजिंग," ती सवयीनं म्हणाली.

मी जीभ दाताखाली धरली. देवाशपथ सांगते, आयुष्यात इतकं गप्प मी कधी बसले नव्हते.

तिनं मुलीकडे पाहिलं. मग मान वर करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "नो. वी आर नॉट मॅनेजिंग. माझी मुलगी आजारी आहे आणि माझं घर गार आहे. मला बॉयलर पाहिजे."

सॉरी नाही, काही नाही! मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तो गोंधळला. "पण मागच्या वेळी तर..."

"मागच्या वेळी तुम्ही पाहुणे होतात," ती म्हणाली. "आमच्यात पाहुण्याला थंडीत बसवत नाहीत. हीटर या काकूंचा होता."

तो आधी माझ्याकडे बघतच राहिला, मग मोठ्यानं हसला. चहा मात्र त्यानं शेवटच्या घोटापर्यंत संपवला. निघताना म्हणाला, बरं झालं सांगितलंत, पैसे परत जायच्या आत तुमचं काम बसवतो.

आणि बसवलं पठ्ठ्यानं! आठवडा संपायच्या आत व्हॅन दारात, दोन माणसं, नवा कोरा बॉयलर. मी त्या संध्याकाळी गेले तर घरभर रेडिएटर टकटक करत तापत होते. बाहेर बर्फाची भुरभुर चाललेली. मुलगी चक्क बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये जिन्यावरून खाली-वर पळत होती, आणि छाती वाजत नव्हती. मी कान लावून ऐकलं, खरंच वाजत नव्हती.

तिची आई स्वयंपाकघरातून पदरानं कपाळ पुसत आली. गाल लाल झालेले. म्हणाली, "काकू, जरा खिडकी उघडू का हो? फार उकडतंय."

एरवी हीटिंग चालू असताना कुणी खिडकीला हात लावला तर मी खवळते.

"उघड," मी म्हटलं. "सगळ्या उघड!"