सक्शन कुणाचं जास्त

पनवेलच्या त्या हॉस्पिटलात आयसीयूच्या भिंतीला एक लांबट काच होती, आणि तिथून मला कुणी हलवू शकत नव्हतं. आत आमचे हे व्हेंटिलेटरवर होते. न्यूमोनिया इतका वाढला की तोंडातून नळी घालून श्वास द्यावा लागत होता. न्हावा शेवा बंदरात कस्टममधून कंटेनर सोडवताना दिवसभर फोनवर ओरडणारा माणूस, आता त्या नळीमुळे साधं हूं म्हणू शकत नव्हता. नळीत कफ साठला की सिस्टर त्यातून दुसरी बारीक नळी सरकवायची आणि मशीनने कफ ओढून घ्यायची. त्याला सक्शन म्हणतात. हे मला लवकरच कळलं, आणि शेजारच्या बेडला ते आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा होतं, हेही कळलं.

शेजारी उरणकडच्या गावचे एक काका होते, मेंदूत रक्तस्राव झालेले. त्यांची बायको बाहेर माझ्याच बाकड्यावर बसायची. हातभर सोन्याच्या बांगड्या, भेटायला अख्खं गाव, आणि सिस्टरांसाठी डब्यात कोळंबीचं कालवण. "आमच्याकडं सिस्टर सारखी येते बाय, काय कमी नाय करत," असं ती मोठ्या समाधानाने सांगायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला वाटायचं, हा सगळा कोळंबीचा प्रताप.

मग मीही नारळाच्या वड्या करून नेल्या. सिस्टरने एक खाल्ली, छान झाल्यात म्हणाली, बाकीच्या सगळ्यांत वाटल्या आणि हात धुऊन परत काकांकडेच गेली. मी काचेतून बघतच राहिले. आमच्या ह्यांच्याकडे ती यायची, छातीवर हात ठेवायची, कानाला नळ्या लावून ऐकायची आणि काहीच न करता निघून जायची.

संध्याकाळी आत सोडलं तेव्हा मी तिला तोंडावरच विचारलं, "आमचा पेशंट काय सावत्र आहे?"

ती चिडली नाही. माझा हात धरून तिने ह्यांच्या छातीवर ठेवला. हाताला घरघर लागते का, विचारलं. लागत नव्हती. मग उगीच कशाला नळी घालू, म्हणाली. कफाबरोबर आतली हवाही ओढली जाते, ऑक्सिजन खाली येतो, आत ओरखडे पडतात. घड्याळ लावून करायचं काम नाही हे.

तेवढ्यात ह्यांनाच खोकला आला. आता माझ्या हाताखाली खरखर लागली, जात्यासारखी. सिस्टरने मला बाजूला केलं, ऑक्सिजन वाढवला, हातमोजे बदलले, ह्यांना आधी सांगितलं आणि मगच बारीक नळी आत सोडली. हे अंग उचलून खोकले, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. मला बघवेना. तिने नळी बोटांत फिरवत झटकन बाहेर घेतली आणि ह्यांना शाबासकी दिली.

"हा खोकला जोरात आहे ना, ताई, म्हणून मी कमी वेळा येते," ती म्हणाली. "असाच राहिला तर डॉक्टर नळी काढायचं बघतील. शेजारच्या काकांना खोकताच येत नाही. त्यांचं सगळं मलाच काढावं लागतं."

मी बाहेर आले ती जिंकल्यासारखी. बाकड्यावर काकांची बायको बसलेलीच होती. सिस्टर काय बोलली, तिने विचारलं, आणि इतके दिवस तिचं समाधान ऐकून घेतलं होतं त्याचं सगळं उट्टं मी काढलं. आमच्या ह्यांना खोकता येतं म्हणून सक्शन कमी लागतं, ज्यांना खोकता येत नाही त्यांनाच सारखं लागतं, असं ठणकावून सांगितलं. ती बांगड्या कोपरापर्यंत मागे सारत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर काचेपाशी ती उभी होती. सिस्टर तिच्या नवऱ्याचं सक्शन करत होती. नळी आत गेली, बाहेर आली. काकांची पापणीसुद्धा हलली नाही. पण ती तिकडे बघतच नव्हती. ती आमच्या ह्यांच्याकडे बघत होती.

"तुमच्या मानसाला खोकला तरी हाय," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आत हे पुन्हा खोकले, सगळं अंग उचलून. तिच्यादेखत तरी ह्यांनी जरा दमाने खोकावं, असं मला वाटलं.