शेवंताबाईच्या नावावर छापलेलं वाक्य

अन्याय झाला तो शेवंताबाईवर. सत्त्याऐंशी साली, दिवाळी सरल्यावरच्या पहिल्या सोमवारी, तेलुगू मुलखातल्या भीमपूरजवळच्या आमच्या मराठी गावात. केला मी. आजवर हे कोणापाशी बोललो नाही—भाषणं मात्र पुष्कळ केली.

ती दुपार झोपेत पाहिल्यासारखी आठवते. वेचणीचे दिवस. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, माणसांच्या केसांवर, डॉक्टरांच्या चष्म्यावर अलगद उतरत होते. कुष्ठरोगाच्या नव्या गोळ्यांचा अभ्यास करणारे ते डॉक्टर लिंबाखाली खुर्चीत, रोगी मातीत. डॉक्टरांना आमची मराठी कळेना, लोकांना त्यांची तेलुगू. मधे मी—तेलुगू शाळेत शिकलेला, खिशात चळवळीची पत्रकं कोंबलेला दुभाष्या.

मला राग होता, आणि तो खोटा नव्हता. कोणाच्या शरीरावर काय करून पाहायचं, हे त्यालाच न विचारता ठरवायचं? अजूनही विचारतो मी हे. पण ज्याचं शरीर, त्याचीच बोलायची वेळ आली, तेव्हा मी काय केलं?

शेवंताबाई उठली. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचणारी बाई. त्या तपकिरी गोळ्यांनी तिचं तोंड काळंनिळं पडलं होतं.

"पयले डाग पदराखाली झाकत होती मी," ती म्हणाली, "आता आख्खं तोंड कुठं झाकू? रोग दिसत नोयता, औषधच दिसून राह्यलं!"

बायका हसल्या. मग ती डॉक्टरांकडे वळली. "गोळी कमी करून जमते काय, पाहा ना सायेब. कोनाले कितीक काळं पडते, हाताची बोटं सरळ राह्यते का वळते, आमी बाया ध्यानात ठेवतो. तुमी तपासा, आमी सांगतो. संगं करू."

संगं करू! याहून मोठी मागणी माझ्या एकाही पत्रकात नव्हती.

आणि मी तेलुगूत सांगितलं—ती म्हणते, आम्ही तुमच्या प्रयोगाचे उंदीर नाही, चालते व्हा.

काऊन? गोळी कमी करा—हे मला लेचंपेचं वाटलं. मला छापण्याजोगी आग हवी होती. तिला तिचं तोंड परत हवं होतं.

डॉक्टरांनी वही मिटली. मग उठले.

"काय म्हनते गा थो?" शेवंताबाईनं विचारलं.

"विचार करतो म्हणतात," मी म्हणालो. हे दुसरं खोटं—पहिल्याहून वाईट, कारण ती त्यावर विसंबली.

गावालाच आपण नको, असं समजून ते पथक परत आलं नाही. तिनं वाट पाहिली, मग गोळ्याच सोडल्या. वर्षभरात रंग हळूहळू निवळला; पाण्यात तोंड पाहून हसायची. तोवर औषधाविना डाव्या हाताची बोटं आत वळत चालली होती. तरी मी दिसलो की शेजारणीला सांगे, "ह्या बाबूनं माहा सवाल सायबाले सांगतला." मी मान डोलवायचो. माझं ते वाक्य मी तिच्या नावावर पत्रकात छापलंही होतं. तिला वाचता येत नव्हतं.

ती वारली. खरं काय ते मी तिला कधीच सांगितलं नाही.

तुमच्या गावात उद्या कोणी औषध तपासायला आलं, तर रोगी बोलेल तेच पोचवा, जसंच्या तसं. तुम्हाला आवडलं नाही तरी. तुम्ही त्याच्या बाजूचे असाल, तर जास्तच.