पन्नाशीतले लिनक्स

पन्नाशी गाठेपर्यंत मी संगणकाला हात लावला नव्हता. महाविद्यालयात मी इतिहास शिकवत असे. तिथे संगणककक्ष सुरू झाला तेव्हा सहकारी हौसेने जाऊन बसू लागले. मी मात्र दारावरूनच परतत असे. चारचौघांत चुकण्याची मला फार धास्ती. शाहूपुरीतल्या एका कचेरीने जुने संगणक मोडीत काढले, त्यांतला एक दसऱ्याच्या तोंडावर घरी आणला तो एवढ्याचसाठी, की कुणी हसणार नाही अशा जागी शिकता यावे.

एका मासिकासोबत लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका प्रणालीची सीडी आणि यंत्र सुरू करायची फ्लॉपी फुकट मिळाली होती. जुन्या यंत्रावरही ते चालते, असे आत छापले होते. मी फ्लॉपी घालून यंत्र सुरू करी. त्याची ती घरघर आजही आठवली की बरे वाटते. निळ्या पडद्यावर प्रश्न येत. इंग्रजी कळे, अर्थ कळत नसे. तरी उत्तरे देत पुढे जावे, तर सीडी वाचता येत नाही असे सांगून सगळे थांबे. पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीची सुट्टी अशीच सरली. दोष माझ्या उत्तरांचाच, याविषयी मला शंका नव्हती.

"त्या फिजिक्सच्या सरांना बोलवा की," पत्नी म्हणाली. "खात न्हाईत ते तुम्हाला."

ज्यांच्यापासून लपायचे, त्यांनाच घरी बोलवायचे! शेवटी बोलावले. त्यांनी माझी उत्तरे पाहिलीच नाहीत. सीडीचा कप्पा बाहेर काढून आत बोट फिरवले. बोट लाल झाले.

"सर, ह्यात गुलाल कुणी उधळला? जोतिबाला जाऊन आलाय व्हय ह्यो?"

"गुलाल न्हाई, कुंकू हाय ते," पत्नी ठसक्यात म्हणाली. "खंडेनवमीला यंत्राची पूजा नको? तोंड उघडं दिसलं, तिथंच वाहिलं."

"वहिनी, नारळ तेवढा फोडला न्हाईसा!" म्हणत ते खाली बसूनच हसू लागले. पत्नीही हसली. ज्या हसण्याला मी इतकी वर्षे भीत आलो, ते माझ्याच घरात चालले होते. आणि मलाही हसू आवरेना.

कप्पा पुसला, स्क्रू काढून सीडी वाचणारे आतले भिंग कापसाने टिपले. दुसरा चहा होईतो सीडी न अडखळता फिरत राहिली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. मी एका बोटाने नाव लिहिले. मग पासवर्ड लिहू लागलो, तर पडद्यावर काहीच दिसेना.

"आता काय बिघडलं?" मी विचारले.

"काही न्हाई सर. पासवर्ड लिहिताना दिसत नसतो. तुम्ही लिहा निवांत."

सोमवारी संगणककक्षात मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.